आमच्या माडीवरचा भाडेकरू आणि बाबूराव बागुलांची गोष्ट

धारवाडात नवा माणूस भेटला, की नमस्कारापाठोपाठ एक प्रश्न ठरलेला असतो : "आपण मूळचे कुठले?" कानडी घरात तो कानडीत येतो आणि मराठी घरात मराठीत, एवढाच फरक. पेशवाईच्या काळात जी मराठी घराणी या बाजूस येऊन राहिली, त्यांच्यापैकी आमचे एक. अशा घरांतून तर आपले मूळ सांगण्याची आणि दुसऱ्याचे विचारण्याची हौसच असते. गाव कळले की आडनावाचा उलगडा होतो, आडनावावरून कुलदैवत निघते, आणि चहा येईपर्यंत पाहुण्याची आत्या आपल्या चुलत मामाच्या घरात दिलेली निघते. मला स्वतःला हा प्रकार फार आवडे. परक्या मुलखात चार पिढ्या राहिलेल्या माणसाला आपले माणूस असे शोधून काढण्यात एक आधार वाटतो.

या साध्या प्रश्नाची दुसरी बाजू मला एका कथासंग्रहाने दाखवली. त्या संग्रहात धारवाडचे नाव नाही. त्यातील बहुतेक माणसे मुंबईच्या झोपडपट्टीतली, रस्त्यावरची, फलाटावरची आहेत, आणि आमच्यासारख्यांनी त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये अशीच आमची शिकवण होती. तरीही तो संग्रह वाचून मी खाली ठेवला, तेव्हा मला मुंबई आठवली नाही. मला आमच्या वाड्याच्या पायऱ्या आठवल्या.

संग्रहाचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. लेखक बाबूराव बागुल. पुस्तक प्रसिद्ध झाले १९६३ साली.

बागुलांचा जन्म १९३० सालचा, नाशिकजवळच्या विहितगावचा. दहा वर्षांचे असताना ते मुंबईस मावशीकडे आले आणि माटुंग्याच्या लेबर कँपात वाढले. ही कामगारांची वस्ती. गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत आणि नगरपालिकेच्या सफाईखात्यात राबणारी माणसे तिथे दाटीवाटीने राहात. एका बाजूने आंबेडकरी चळवळ आणि दुसऱ्या बाजूने लाल बावटा, असे दोन्ही वारे त्या वस्तीत जोरात वाहात असत, आणि बागुलांच्या लेखनात दोहोंचा उजेड दिसतो. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी मिळेल ती नोकरी केली. त्यांपैकी एक रेल्वेतली होती, आणि ती त्यांना सुरतेकडे घेऊन गेली. तिथे त्यांच्या जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी जात न सांगता त्यांनी खोली मिळविली. ते लपविणे मनाला सोसेना, तेव्हा नोकरी सोडून ते मुंबईस परत आले. संग्रहाला ज्या कथेचे नाव आहे, ती कथा या अनुभवातून आलेली आहे.

कथेतील तरुण सुरतेजवळच्या उधन्यास रेल्वेच्या कामावर रुजू होतो. तो कवी आहे, मनाने उमदा आहे, कष्टकऱ्यांचे राज्य येणार या विश्वासाने भारलेला आहे. पहिल्याच भेटीत सोबतचा कामगार त्याला जात विचारतो. तरुण सरळ उत्तर देत नाही; आपण मुंबईचे आहोत, एवढे तो मोठ्या ऐटीत सांगतो. ऐकणारा त्या ऐटीचा आपल्या सोयीचा अर्थ लावतो, आणि त्याला राहायला जागा मिळते. इथून पुढे त्याला क्षणाचीही स्वस्थता नाही. त्याच्या कवितेवर लुब्ध झालेला एक सहकारी त्याला मोठ्या मानाने आपल्या घरी जेवायला बोलावतो. घरची बाई त्याला आदराने वाढते, आणि प्रत्येक घासाबरोबर याच्या पोटात भीतीचा गोळा उठतो. त्याच ठिकाणी काशिनाथ सकपाळ नावाचा त्याच्याच जातीचा दुसरा कामगार आहे. तो काही लपवीत नाही. अपमान झाला की जागच्या जागी उलटून उभा राहतो. काशिनाथाचा अपमान होत असताना आपला कवी गप्प असतो, कारण त्याने तोंड उघडले तर त्याचेही उघडे पडेल. शेवटी व्हायचे ते होते. ज्यांनी मान दिला, तेच त्याला जिवे मारायला उठतात, आणि धावून येतो तो काशिनाथ. मार खाल्लेल्या तरुणाचा राग मात्र मारणाऱ्या हातांवर नाही. त्या हातांच्या मागे फार जुना एक लिहिता हात आहे, असे तो म्हणतो.

गोष्ट एवढीच. परंतु तिच्या मथळ्यातील एक शब्द मला बरेच दिवस सोडीना. या पुस्तकाचा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१८ साली आला. त्याच्या नावात जात 'लपवली' असे आहे. इंग्रजीला दुसरा मार्ग नसावा. पण बागुल 'चोरली' म्हणतात. आपल्या भाषेत माणूस अंग चोरतो, कामचोर काम चोरतो, वाटेत नको असलेला मनुष्य दिसला की आपण नजर चोरतो. या सगळ्या चोऱ्यांत दुसऱ्याचे काही जात नाही. माणूस आपलेच काहीतरी आखडून घेतो. आणि तरीही शब्द चोरीचाच असल्यामुळे आखडून घेणाराच गुन्हेगार ठरतो. घर नाकारणारा साव, आणि घर मिळावे म्हणून अंग चोरणारा चोर! बागुलांनी हा सारा हिशेब मथळ्याच्या एका क्रियापदात मांडला, आणि तो 'मी' या शब्दाने स्वतःच्या नावावर घेतला.

आता आमच्या वाड्याकडे येतो.

आमचा वाडा धारवाडच्या जुन्या वस्तीतला, कौलारू. पुढे रस्त्याला लागून कट्टा आणि तीन पायऱ्या, आत सोपा, माजघर, परसात आड, आणि सोप्यावर एक माडी. वडिलांचा पगार बेताचा असल्यामुळे ती माडी विद्यार्थ्यांना भाड्याने देत. धारवाड हे विद्यार्थ्यांचे गाव. कर्नाटक कॉलेज १९१७ पासून इथले, आणि पुढे विद्यापीठही इथेच आले. त्यामुळे जून महिना लागला की ट्रंक आणि वळकटी घेतलेली मुले दारोदार खोल्या विचारीत हिंडत. आमच्याकडे भाडेकरू पसंत करण्याचे काम आजीचे. ती कट्ट्यावर बसून विचारी : "कुठले रे बाळ तुम्ही? आडनाव काय?" तिसरा प्रश्न तिला कधी विचारावा लागत नसे.

१९६६ सालच्या पावसाळ्यात एक मुलगा आला. बेळगावकडचा, सावळा, शिडशिडीत, शुद्ध बोलणारा. आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर' असलेले. असे आडनाव कोणाचेही असू शकते. आजीला तो आवडला, आणि तिने आपल्या मनाशी काय धरायचे ते धरले. त्याने खोटे काही सांगितले नव्हते. तिने विचारले तेवढ्याचे उत्तर दिले होते.

तो आठ महिने आमच्याकडे राहिला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि बीजगणितात कच्चा होतो. संध्याकाळी कंदील पुढे ओढून तो मला समीकरणे शिकवी. त्याच्या इतका सावकाश शिकविणारा माणूस मला पुढे भेटला नाही. मात्र त्याच्या वागण्यात एक गोष्ट मला तेव्हाही जाणवे. तो आडावर स्वतः पाणी काढीत नसे. रस्त्यावरच्या नळावरून बादली भरून आणी. जेवायला खानावळीत जाई. सणाला आजीने पानावर बोलावले की त्या दिवशी नेमके त्याचे पोट बिघडलेले असे, किंवा परीक्षा असे. सोप्यातून माडीच्या जिन्याकडे जाताना तो भिंतीला धरून जाई. आजी कौतुकाने म्हणे, "किती मर्यादशील पोर आहे!" त्याला ताप आला तेव्हा तिने चार दिवस कढण करून वर पाठविले होते.

फाल्गुनात एका दुपारी एक म्हातारा आला. डोक्याला मुंडासे, हातात काठी, पायांत काही नाही. कट्ट्यावर न बसता, पायरीला पाय न लावता तो भर उन्हात रस्त्यावर उभा राहिला आणि त्याने मुलाला हाक मारली. आजी दारातच होती. तिने त्याला काही विचारले नाही. तो उभा कुठे राहिला, हे पाहूनच तिला सगळे कळले. मुलगा माडीवरून खाली आला, सरळ रस्त्यात गेला आणि सगळ्या आळीदेखत त्याने म्हाताऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. आठ महिने भिंतीला धरून चालणारा तो मुलगा त्या वेळी रस्त्याच्या अगदी मधोमध होता, हे मला पक्के आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खोली सोडली. जा असे त्याला कोणी म्हटले नाही. आमच्या घरात कोणी आवाज चढविला नाही. 'जात' हा शब्दही उच्चारला गेला नाही. आमच्या घरात तो उच्चारण्याची पद्धतच नव्हती. त्याने महिन्याचे भाडे आगाऊ दिले होते. उरलेल्या दिवसांचे पैसे आजीने मोजून माझ्या हातात दिले, आणि हळूच म्हणाली, "हातात देऊ नको हो. पायरीवर ठेव."

मी ठेवले.

त्याने वाकून पैसे उचलले, मोजले, बरोबर आहेत म्हणून मान हलविली, आणि ट्रंक उचलून तो स्टेशनच्या दिशेने गेला. माझ्याकडे त्याने पाहिले की नाही, हे मला सांगता येत नाही, कारण मीच नजर चोरली होती. दुपारी माडी धुऊन काढली. त्या पाण्याचे ओघळ जिन्यावरून खाली येत होते, तेवढे दिसतात.

बागुलांचे पुस्तक मी वाचले ते त्यानंतर बारा वर्षांनी, पुण्यास नोकरीला असताना. १९७८ साल असावे. तोवर दलित साहित्य हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला होता. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' येऊन सहा वर्षे झाली होती. साहित्याचा रसिक म्हणून आपण हेही वाचलेले असावे, एवढ्याच बुद्धीने मी ग्रंथालयातून तो संग्रह आणला. कथा वाचताना वाचक साहजिकच निवेदकाच्या बाजूचा होतो, मीही झालो. त्याच्याबरोबर भ्यालो, संतापलो. पण जेवणाचा प्रसंग आला आणि मी थबकलो. या कथेत माझी जागा कोणती, हे मला तेव्हा कळले. मी त्या घरात राहणारा होतो. दार माझे होते.

आम्ही कोणाला मारले नाही, हे समाधान मी स्वतःला पुष्कळ दिवस देत होतो. बागुलांची कथा ते समाधान हिरावून घेते. तिच्यात मार शेवटच्या दोन पानांत आहे. त्याआधीची सारी पाने भीतीची आहेत, आणि ती भीती चांगल्या माणसांच्या चांगुलपणामुळे वाढत जाते. आमच्या आजीच्या कढणाची चव त्या मुलाला कशी लागली असेल, याचा विचार त्या रात्री प्रथम माझ्या मनात आला.

ज्या काळात हा संग्रह निघाला, त्या काळात धारवाडच्या मराठी माणसाला वाङ्मयाचा अभिमान वाटावा असे मोठे कारण गावातच होते. जी. ए. कुलकर्णी इथल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. 'निळासावळा' १९५९ साली आला होता, आणि पाठोपाठ 'पारवा' व 'हिरवे रावे'. त्यांच्या कथांतील माणसे नियतीच्या जात्यात भरडली जातात, आणि ते दुःख वाचून आम्ही अंतर्मुख होत असू. ते अंतर्मुख होणे खोटे नव्हते. पण नियतीपुढे वाचकाचे हात स्वच्छ असतात. बागुलांच्या कथेत माणसाला भरडणाऱ्याला नाव, गाव, पत्ता असतो, आणि एखाद्या वाचकाला तो स्वतःचाच पत्ता निघतो. मला दोन्ही लेखक मोठे वाटतात. एकाला आम्ही धारवाडचा म्हणून मिरविले. दुसऱ्याने धारवाड न पाहताही आमची माडी लिहिली.

संग्रहातील इतर कथांविषयीही सांगितले पाहिजे. 'विद्रोह' मध्ये शिकू पाहणाऱ्या तरुणाला बापाच्या जागी मैला उचलण्याच्या कामावर लोटले जाते. 'वाटेवरची' मध्ये गावाकडे आजारी असलेल्या मुलापाशी जायचे म्हणून भाड्याचे पैसे जमविणारी, देह विकणारी आई आहे. 'गुंड' मध्ये सारी वस्ती ज्याला भिते, अशा दांडग्या माणसाच्या आतला माणूस दिसतो. मुंबई म्हणजे मरीन ड्राइव्ह आणि गिरगावातील चाळींचा विनोद, एवढेच ज्यांना ठाऊक होते, त्यांना या कथांनी गटाराकाठची मुंबई दाखविली. त्यांत दोष नाहीत असे नाही. भाषा पुष्कळदा टिपेला जाते, योगायोग ओढून आणलेले वाटतात, एका पानावर तीन उपमा एकमेकींवर आदळतात. नवकथेच्या संयमावर वाढलेल्या वाचकाला हे जड जाते. मलाही गेले. पण संयम ही सुरक्षित घरातली सवय आहे. ज्याच्या पाठीवर काठी पडते आहे, त्याच्या आवाजाची पट्टी आपण ठरवू नये. पुढे १९६९ साली आलेल्या 'मरण स्वस्त होत आहे' या संग्रहात बागुलांची लेखणी अधिक स्थिर झालेली दिसते. २००८ साली नाशिकला त्यांचे निधन झाले.

आपल्या संस्थानी शहरांतील वाचकांस आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशचे शिक्षण घेऊन बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले, आणि त्यांना सामान घेऊन बाहेर पडावे लागले. सयाजीरावांसारखा राजा पाठीशी असतानाची ही गोष्ट. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. उधना त्याच लोहमार्गावर आहे. बडोद्याचा प्रसंग आणि बागुलांचा संग्रह यांत शेहेचाळीस वर्षांचे अंतर आहे, पण दारावरचा प्रश्न तोच आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले, त्यामागची गरज यावरून ध्यानात यावी. आणि आमच्या धारवाडातही १९२९ च्या सुमारास डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नाने असे वसतिगृह निघाले. त्याची व्यवस्था बळवंतराव वराळे पाहात. रमाबाई आंबेडकर काही दिवस येऊन तिथे राहिल्या होत्या, आणि मुलांच्या जेवणाची अडचण पडली तेव्हा त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, असे सांगतात. हे वसतिगृह माझ्या जन्माआधीपासून गावात होते. आमच्या घरात त्याचे नाव मी कधी ऐकले नाही. सदतीस वर्षांनी तो मुलगा आमच्या पायऱ्या चढला, तेव्हा गावातल्या इतर घरांची दारे किती मोकळी झाली होती, ते वर सांगितलेच आहे.

आता वाडा तसा राहिलेला नाही. आड बुजविला, कौले जाऊन गच्ची आली. धारवाडात २०१६ पासून आय. आय. टी. आहे, आणि खोल्या शोधणारी मुले आता मोबाईलवर पत्ते पाहात येतात. नव्या वसाहतींतून 'फक्त शाकाहारी' अशा पाट्या दिसतात. आडनाव विचारायचे नसले म्हणजे हल्ली लोक जेवण विचारतात.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक विद्यार्थी माडीची खोली पाहायला आला. खोली त्याला पसंत पडली. भाड्याचे बोलणे होण्याआधीच सवयीने माझ्या तोंडून गेले, "आपण मूळचे कुठले?" मुलगा क्षणभर थांबला. अगदी क्षणभर; दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आले नसते. मग त्याने गावाचे नाव सांगितले, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहात तो माझ्याकडे बघत राहिला. तो कोणत्या घरचा, हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित त्याचे थांबणे दुसऱ्याच कशासाठी असेल. पण तेवढ्या वेळात मला आजी दिसली, रस्त्यात उभा असलेला म्हातारा दिसला आणि पायरीवरची नाणी दिसली.

मी त्याला खोलीची किल्ली दिली, हातात दिली. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला, पाणी सकाळी सहा ते आठ, एवढे सांगितले. तो गेल्यावर बराच वेळ मी कट्ट्यावर बसून होतो. त्या मुलाच्या गावाशी मला काय करायचे होते, याचे उत्तर मला तिथे बसून काही सापडले नाही.